भाकरीची थाप आणि गायतोंड्यांचा रंग

आई रागावली आहे हे आम्हां भावंडांना तिच्या चेहऱ्यावरून कधीच कळलं नाही. ते कळायचं भाकरीवरून. धारूरच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत अभ्यासाला बसलं, की आतून काटवटीत भाकरी थापल्याचा आवाज यायचा. मन शांत असलं की थापा एका लयीत पडायच्या. काही बिनसलं असलं की त्या जवळजवळ आणि कोरड्या वाजायच्या. आजी गेली त्या वर्षी तर कितीतरी दिवस थाप इतकी मऊ होती, की चुलीपाशी गेल्याशिवाय ऐकूच यायची नाही. ज्वारी तीच, पीठ तेच, भाकरीही रोजच्यासारखीच गोल. आईने एक शब्द उच्चारलेला नसायचा. मग तिच्या मनातलं आमच्यापर्यंत पोचायचं कसं?

पुढे मी चित्रकला शिक्षक झालो आणि हा प्रश्न वर्गात पुन्हा समोर आला. वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राचं छापील पान मी मुलांना दाखवलं. त्यात झाड नाही, माणूस नाही, घर नाही. पिवळसर-तपकिरी रंगाचं एक मोठं शांत क्षेत्र आणि त्यावर तरंगल्यासारखे काही गडद तुकडे, एवढंच. मागच्या बाकावरचा सातवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, ह्यात तं काहीच काढलेलं नाही. पण बगत बसावं वाटतंय."

चित्रात 'काही' नसताना भावना कुठून येते, हे मला त्या मुलाला नीट सांगायचं होतं. त्या दिवशी ते जमलं नाही. हा लेख त्याच्यासाठीही आहे.

दोन डोंगर, मधे सूर्य

आपल्याकडच्या कुठल्याही मुलाला कागद देऊन 'निसर्गचित्र काढ' म्हणा. टोकदार डोंगर, त्यांच्या मधे सूर्य, खाली नागमोडी नदी, एक झोपडी आणि तीनच्या आकड्यासारखे दिसणारे चार पक्षी हमखास येतात. धारूरचं मूलही हेच काढतं. खिडकीबाहेर बालाघाटची रांग आहे आणि तिचे माथे सपाट आहेत, सुरीने कापल्यासारखे. तरी कागदावर डोंगर टोकदारच येतो. मुलाने डोंगर पाहिलेला असतो, पण तो काढलेला नसतो. त्याने काढलेलं असतं डोंगराचं एक ठरलेलं चिन्ह.

इंडोनेशियात शंभरेक वर्षांपूर्वी हीच गत होती. डच राजवटीत तिथे एका ठरावीक धाटणीच्या चित्रांना मागणी असे: निळा डोंगर, नारळाची झाडं, भाताची खाचरं. सुजोयोनो नावाच्या तरुण चित्रकाराला या गोडगोड चित्रांचा वीट आला. १९३८ मध्ये त्याने सोबत्यांना घेऊन चित्रकारांची संघटना उभी केली. चित्र म्हणजे काय, हे सांगण्यासाठी तो एक शब्दजोडी वापरी: 'जिवा केतोक'. केतोक म्हणजे दिसणारा. आणि जिवा? तो आपलाच शब्द आहे, संस्कृतातला जीव, समुद्र ओलांडून तिकडे रुजलेला. दिसणारा जीव म्हणजे चित्र. आपणही म्हणतोच की, अमक्याने कामात जीव ओतला. प्रश्न एवढाच, की ओततात तो नेमका कशातून?

सारवलेल्या अंगणाची गोष्ट

याचं पहिलं उत्तर शेणाने सारवलेल्या अंगणात आहे. सारवण वाळल्यावर त्यावर बोटांची अर्धवर्तुळं उमटून राहतात. ती नीट पाहिली, तर सारवणारीचा हात किती लांब पोचत होता, ती घाईत होती की सावकाश, कुठे थांबली, कुठे पाणी कमी पडलं, हे सगळं वाचता येतं. तिने काही 'काढलेलं' नसतं. तरी तिची हालचाल जमिनीवर शिल्लक असते.

रंगाचंही तसंच. कुंचला, सुरी किंवा बोट कॅनव्हासवरून फिरतं तेव्हा रंग मागे राहतो आणि त्या रंगात हालचाल गोठते. जोरात मारलेल्या फटकाऱ्याची सुरुवात जाड आणि शेवट फाटलेला असतो. अडखळत ओढलेली रेघ थरथरते. पातळ रंग आपल्याच ओझ्याने ओघळतो, जाड रंगाचे उंचवटे स्वतःची बारीक सावली पाडतात. आणि भावना ही मुळात शरीराची अवस्था आहे. राग आला की खांदे ताठ होतात, दुःखात हात जड होतो, आनंदात पावलं उचलली जातात. ती अवस्था हाताच्या हालचालीत उतरते आणि हालचाल रंगात उतरते. मन, स्नायू, रंग अशी ही साखळी आहे. भाकरीच्या थापेत हेच घडत होतं. फरक इतकाच, की आवाज विरून जातो आणि रंग राहतो.

या साखळीचा सगळ्यात उघडावाघडा वापर करणारा चित्रकारही इंडोनेशियाचाच. आफांदी यांचा जन्म १९०७ मध्ये चिरेबोन इथे झाला. चित्रकला ते स्वतःच्या स्वतः शिकले. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते शांतिनिकेतनला आले आणि मग भारतात हिंडत चित्रं काढत राहिले, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. पुढे त्यांनी कुंचला जवळजवळ सोडूनच दिला. रंगाची नळी थेट कॅनव्हासवर पिळायची, टूथपेस्ट पिळावी तशी, आणि लगेच हाताच्या पंज्याने, बोटांनी तो रंग ओढायचा. समोर कोंबड्यांची झुंज असो, भिकारी असो, किनाऱ्यावरच्या नावा असोत, चित्र त्या वस्तूसमोर उभं राहून एका बैठकीत पुरं व्हायचं. स्वतःचा चेहरा तर त्यांनी कितीतरी वेळा काढला. दाट वळवळत्या रेघांचं जाळं आणि त्यातून बाहेर पाहणारे डोळे. कुंचला मधे का नको? कारण कुंचला भिजवायला, रंग कालवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मनातली उकळी निवते. नळीने मन आणि कॅनव्हास यांच्यातलं अंतर कमी केलं.

आजच्या पिढीतली क्रिस्टीन आय चू ही चित्रकार इंडोनेशियातल्याच बांडुंगची, जन्म १९७३चा. तिचा हात तयार झाला मुद्राचित्रणात, म्हणजे धातूच्या पत्र्यावर टोकदार सुईने ओरखडून, त्या ओरखड्यांत शाई भरून कागदावर ठसा घेण्याच्या कामात. धातू सहज वाकत नाही. प्रत्येक रेघेला त्याच्याशी झगडावं लागतं. पुढे ती तैलरंगाच्या कांड्यांनी मोठाल्या कॅनव्हासवर काम करू लागली, तरी तिच्या रेघेत तो ओरखडा राहिलाच. पांढऱ्या मोकळ्या जागेत एकाएकी दाटून आलेला रेघांचा गुंता पाहिला की आधी आपल्याच हाताला काहीतरी जाणवतं, डोक्याला नंतर.

हाताला जाणवतं, हा माझा भास नव्हे. इटलीतल्या लुचो फोंताना या कलावंताने कॅनव्हासला सुरीने चिरा दिल्या होत्या. इटलीतल्याच पार्मा विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना त्या चिरांची छायाचित्रं दाखवली आणि सोबत तशाच, पण संगणकावर काढलेल्या सपाट रेघा. खऱ्या चिरा पाहताना, बघणारा हलतही नसताना, मेंदूच्या हालचालींशी संबंधित भागातली लय बदलली. सपाट रेघांना तसा प्रतिसाद आला नाही. असल्या प्रयोगांचा अर्थ कुठवर ताणायचा, यावर तज्ज्ञांत वाद आहेत आणि ते असावेतही. पण दुसऱ्याला काटा टोचताना पाहून आपण पाय मागे घेतो, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

शोक म्हणजे करुण नव्हे

इथे मात्र एक धोका आहे. आफांदींचं ऐकून एखाद्याला वाटेल, रागावलो की रंग फेकावा, चित्र झालं. तसं होत नाही. मी करून पाहिलं आहे. रागात फेकलेला रंग बहुतेक वेळा फक्त सांडलेला रंग असतो.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रापासून हा फरक फार बारकाईने केलेला आहे. जगण्यातली भावना वेगळी आणि कलेतून मिळणारा रस वेगळा. घरात माणूस गेलं तर वाट्याला येतो तो शोक. रंगमंचावर तोच प्रसंग पाहताना डोळे भरतात तो करुण रस. शोक कुणालाच नको असतो, करुण अनुभवायला मात्र आपण तिकीट काढून जातो. मधे काय घडलं? भट्टनायक या जुन्या काश्मिरी आचार्याने त्याला साधारणीकरण म्हटलं. भावना 'माझी' होती, ती कुणा एकाची राहिली नाही, म्हणून सगळ्यांची झाली.

मला हे समजलं ते जात्यावरच्या ओव्यांमुळे. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांनी माहेरची आठवण, सासरचा जाच, गेलेलं लेकरू हे सगळं दळताना गायलं. ओवीला ठरलेली चाल आहे, जात्याच्या फेऱ्याची लय आहे. दुःखाला त्या लयीत बसावं लागतं. बसताना ते मोडत नाही, उलट घडतं. म्हणून एकीची ओवी दुसरी बाई सहज उचलते आणि स्वतःच्या लेकीचं नाव घालून गाते. नुसतं रडणं असं उचलता येत नाही.

जावाच्या भाषेतही 'रस' आहे, आणि तिथे त्याचा अर्थ होतो आतून उमगणारी भावना. एकाच शब्दाची ही दोन घरं मला फार मोलाची वाटतात.

आफांदींचं चित्र तासाभरात होई हे खरं, पण त्या तासामागे हजारो रेखाटनांचा सराव होता. त्यांचा हात घडलेला होता, म्हणून त्याला मोकळं सोडता येत होतं. आईचीही थाप कधी भाकरी मोडत नसे.

गायतोंडे: ओतणं नव्हे, काढून घेणं

आता त्या मुलाने पाहिलेल्या चित्राकडे येतो. वासुदेव संतू गायतोंडे, जन्म २ नोव्हेंबर १९२४, नागपूर. घराणं मूळचं गोव्याकडचं, बालपणानंतरचा मोठा काळ मुंबईत, गिरगावातल्या चाळीत. १९४८ मध्ये सर ज. जी. कला विद्यालयातून पदविका. सुरुवातीला माणसं काढली, लघुचित्रांचा अभ्यास केला, पॉल क्ले या स्विस चित्रकाराच्या रेघेने भारावले. मग १९५०च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या चित्रांतून एकेक वस्तू निघून गेली. १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे दिल्लीत निजामुद्दीनला एका लहानशा जागेत एकटे राहिले. अलीकडे वर्तमानपत्रांत त्यांचं नाव येतं ते लिलावातल्या कोटींच्या आकड्यांमुळे. २०२१ मध्ये त्यांचं एक चित्र ३९.९८ कोटी रुपयांना गेलं. तो आकडा पाठ असलेली माणसं मला पुष्कळ भेटली. ते चित्र कोणत्या रंगाचं होतं, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

त्यांची रीत आफांदींच्या अगदी उलट. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रं. कॅनव्हाससमोर दिवसच्या दिवस बसणं, विचार पिकू देणं आणि मगच रंगाला हात लावणं. रंग लावायलाही कुंचल्यापेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवायची बोथट पात्याची सुरी. रोलरने रंगाचा थर पसरायचा. तो ओला असताना काही भाग सुरीने खरवडायचा. मासिकांचे, वर्तमानपत्रांचे फाडलेले कपटे रंगवून कॅनव्हासवर दाबायचे आणि उचलून घ्यायचे. कागद जाताना थोडा रंग ठेवून जातो, थोडा घेऊन जातो. अशी कडा उमटते की ती हाताने काढताच येणार नाही. मग पुन्हा थर. रंग लावण्याइतकंच रंग काढून घेणंही इथे महत्त्वाचं.

याने काय साधतं? दिवाळीचा आकाशकंदील आठवा. पिवळ्या पतंगी कागदावर लाल पतंगी कागद आला, की तिथे केशरी दिसतो. पण तो डबीतल्या केशरी रंगासारखा नसतो, आतून उजळल्यासारखा असतो, कारण उजेड दोन्ही कागदांतून गाळून आपल्यापर्यंत येतो. गायतोंड्यांचे पातळ थर असंच काम करतात. खोलीतला प्रकाश वरच्या थरातून आत शिरतो, खालच्या थरावर आपटतो आणि परत येताना दोन्हींचा रंग घेऊन येतो. म्हणून त्यांच्या चित्रातला उजेड मागून आल्यासारखा वाटतो. कुठे थर जाड, कुठे खरवडलेला, त्यामुळे तो उजेड एकसारखा नसतो. डोळा एका जागी ठरत नाही, हळूहळू सरकत राहतो. आणि डोळा सावकाश चालू लागला की बघणाऱ्याचा श्वासही सावकाश होतो. 'बगत बसावं वाटतंय', ते याच्यामुळे.

गायतोंड्यांना आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणं पसंत नव्हतं. त्यांचा शब्द वस्तुनिरपेक्ष असा होता. फरक शब्दच्छलाचा नाही. अमूर्त म्हटलं की वाटतं, आधी एक झाड होतं, ते पुसट करत नेलं. यांच्या चित्रात मुळात झाड नव्हतंच. झेन विचाराचा त्यांच्यावर खोल परिणाम होता, मौनाला त्यांच्या लेखी मोल होतं. बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिलं नाही. मग यात स्वतःची भावना कुठे आहे? मला वाटतं ती आहे, आणि भरपूर आहे, पण उकळलेल्या रसाचा गूळ व्हावा तशी आटून आलेली. गुऱ्हाळावर काहिलीतली उसळी पाहणाऱ्याला आफांदी चटकन कळतील. मळी काढत, आच सांभाळत बसलेल्या गुळव्याला गायतोंडे लवकर कळावेत.

रंग आणि आकार, थोडक्यात

हालचाल आणि थर यांखेरीज आणखी एक वाट आहे. काही आकार आणि आवाज आपल्याला मुळातच एकमेकांचे सख्खे वाटतात. वोल्फगांग कोलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये एक काटेरी आणि एक गोलसर आकृती मांडून विचारलं, यातली 'ताकेते' कोणती आणि 'बालुबा' कोणती? बहुतेक लोक काटेरी आकृतीला ताकेते म्हणतात. मराठीला हे आधीपासून माहीत आहे. काटा 'टचकन' टोचतो आणि लोणी 'मऊ लुसलुशीत' असतं, उलट कधीच नाही. रंगांचं मात्र इतकं सरळ नाही. पांढरा रंग कुठे शोकाचा, कुठे वारकऱ्याच्या सदऱ्याचा. 'लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती' अशी कोष्टकं पाठ करून चित्रासमोर जाऊ नये. रंग शेजाऱ्यावरून ठरतो. तोच तांबडा राखाडीशेजारी पेटतो आणि केशरीशेजारी विझतो.

चौकट: चित्रासमोर उभं राहिल्यावर

'हे काय आहे' हा प्रश्न दोन मिनिटं बाजूला ठेवा.
आधी 'हे कसं केलं असेल' ते शोधा: वेगाने की सावकाश, हाताने की हत्याराने, लावून की खरवडून.
एखादी रेघ हवेत बोटाने गिरवून पाहा. आपल्या हाताला काय वाटतं ते ध्यानात घ्या.
जवळ जा, मग दहा पावलं मागे या. दोन्हीकडून चित्र वेगळं असतं.

छापील पानावर न येणारं

मुलांना मी दाखवतो ती छापील पानं असतात, नाहीतर फोनचा पडदा. त्यात रंग साधारण कळतो, थर कळत नाही. फोन स्वतःच उजेड फेकतो, त्यामुळे चित्राच्या आतून येणारा उजेड त्यात बुडून जातो. मूळ गायतोंडे मी पाहिले ते मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात. धारूरहून रात्रभर एसटीने जाऊन. लांबून जो एकसंध हिरवा वाटला होता, तो जवळ गेल्यावर पाच-सात हिरव्यांचा निघाला. कागदाच्या कपट्याने सोडलेली एक कडा होती, किल्ल्याच्या तटावर पावसाळ्यानंतर शेवाळ वाळून उरतं तशी. मी बराच वेळ त्या कडेपाशीच उभा होतो.

१९८४ मध्ये दिल्लीत गायतोंड्यांना अपघात झाला. मानेला इजा झाली. मोठ्या कॅनव्हासवर रोलर फिरवणं काही वर्षं थांबलं. त्या काळात त्यांनी लहान कागदांवर शाईने रेखाटनं केली. कुठल्याच भाषेची नसलेल्या लिपीतल्या अक्षरांसारखी ती दिसतात: आखूड, काळी, जपून ठेवलेली. शरीराला जेवढं हलता येत होतं, तेवढ्याच आवाक्यात त्यांनी नवी भाषा शोधली. पुढे ते पुन्हा रंगाकडे आले. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरलं.

त्या शाईच्या रेखाटनांपैकी एकाची प्रत मी वर्गात फळ्याशेजारी चिकटवली आहे. परवा स्मरणचित्राचा सराव घेतला, तेव्हा मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने डोंगर काढला. सपाट माथ्याचा. सूर्य नाही, झोपडी नाही. डोंगराच्या एका बाजूला त्याने पेन्सिल इतकी दाबून फिरवली होती, की कागदाच्या मागे तो चर बोटाला लागत होता. मी विचारलं, इथे काय आहे?

"घाट आहे सर. दसरा झाला की आईबापू तितून उतरतेत. कारखान्याला."